होडीला कुणी हात लावायचा

गुणाजी तांडेल पुन्हा कधी दर्यावर जाणार नाही हे नक्की झालं, तेव्हा त्याची बायको गोदूबाई सगळ्यांसारखीच रडली. पण मनाच्या तळाशी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

लग्न झाल्यापासून तिचा जीव वाऱ्याला बांधलेला. गुणाजी मचव्याचा तांडेल. सुकाणू त्याच्या हातात आणि बाकीची माणसं त्याच्या शब्दावर. देवगडच्या बंदरातून मचवा बाहेर पडला की तो परत येईपर्यंत गोदूबाईचं लक्ष कशात नसायचं. मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मग एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला शीड उतरवताना दोर तुटला आणि शिडाचं जड लाकूड गुणाजीच्या कमरेवर आलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी खुबा जोडला, पण पाय आखूड राहिला. काखेत कुबडी आली. मचवा धाकट्या भावाने, लवूने, चालवायला घेतला.

आता नवरा रोज घरी होता. तरी तो घरी आहे असं काही गोदूबाईला वाटेना. ओट्यावर बसून राही, विचारलं तेवढं बोले. लवू वाट्याचे मासे घेऊन येई, तेव्हा कुठे मिळाले, वारा कसा होता, काही विचारत नसे. गोदूबाई पाटी घेऊन जामसंड्याच्या बाजाराला जाई, मासे विकून परत येई, तर हा तिथेच. तिने दर्याकडून नवरा मागून घेतला होता आणि दर्याने नुसतं शरीर पाठवून दिलं होतं.

वर्षभराने एक दिवस त्याने पांगाऱ्याचा ओंडका मागवला. कोयत्याने, मग पटाशीने तो कोरत बसला. हातभर लांबीची होडी झाली, खऱ्या मचव्यासारखी, पुढे उंच नाळ, मागे सुकाणू. तळाला त्याने जाळ्याचं शिसं ठोकलं.

"एक जुना लुगडा गावतला काय गो?" त्याने विचारलं. "शिडाक."

कित्येक दिवसांत त्याने आपणहून काही मागितलं नव्हतं. गोदूबाईने लुगडं फाडलं, तो सांगेल तसं तिरकं कापलं आणि बारीक टाक्यांनी शिवलं. भरतीच्या वेळी दोघं खाडीवर गेली. गुणाजी काठावरच्या खडकावर बसला, सुकाणू जरासं वळवलं, होडी सोडली. ती तिरकी झाली आणि पाणी कापत सुटली. गुणाजी बघत राहिला. गोदूबाईने होडीकडे बघितलंच नाही, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

शाळेतले श्रीपाद मास्तर संध्याकाळी खाडीवर फिरायला येत. त्यांनी होडी बघितली आणि स्वतः एक करायला घेतली. मास्तरांचं बघून कापडाच्या दुकानाचे हरिश्चंद्र शेठ आले. मग बंदरावरचे म्हातारे आबा, पोस्टातला कारकून, दोघं-तिघं खारवी. माघ महिन्यापर्यंत दर रविवारी दहा-बारा मोठी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून पोरांसारखी ओरडू लागली. मास्तरांनी त्याला 'नौका मंडळ' असं नाव दिलं.

पहिली शर्यत लागली आणि पहिलं भांडण झालं. हरिश्चंद्र शेठनी मालवणच्या सुताराकडून पुरुषभर लांबीची होडी करून आणली होती. शिवाय ते होडीबरोबर पाण्यातून चालत गेले आणि वारा पडला की तिला ढकलत राहिले. कारकुनाने मुंबईहून चावीची लाँच मागवली होती, ती शीड नसतानाच पुढे गेली. गुणाजीची होडी काठच्या कांदळाच्या झाडांच्या मुळांत अडकली, आणि तो काठावर कुबडी धरून नुसता उभा राहिला.

"ह्येका शर्यत म्हणतत?" आबा ओरडले.

मग मास्तरांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. नियम ठरवायला.

माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली. मास्तर खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. गुणाजीला चालवत आणलं होतं गोदूबाईने, म्हणून तीही पायरीवर बसली, माशांची रिकामी पाटी शेजारी ठेवून.

"नियम पहिला," मास्तर म्हणाले. "ज्याने होडी बनवली, त्यानेच ती शर्यतीत सोडायची. सुताराकडून आणलेली चालणार नाही."

हरिश्चंद्र शेठ जरा कुरकुरले, पण कबूल झाले.

"नियम दुसरा. लांबी एक हात."

"कोणाचो हात?" आबांनी विचारलं आणि आपला आखूड हात पुढे केला. खारव्यांपैकी एकाने आपला लांबलचक हात त्याच्या शेजारी धरला. हसण्यात बराच वेळ गेला. शेवटी शाळेची फूटपट्टी आणली आणि दीड फूट ठरलं. चावी नको, हे सगळ्यांनी एकदम मान्य केलं. कारकूनसुद्धा हो म्हणाला.

मग मास्तरांनी विचारलं, "सोडल्यानंतर होडीला हात लावायचा की नाही?"

"लावूकच व्हयो," हरिश्चंद्र शेठ म्हणाले. "होडी कांदळात गेली तर काय तशीच ठेवची? तीन डाव हात लावूक गावतलो, असा लिवा. पाण्यात उतराचा, सोडवाची, परत वाऱ्यार लावची."

"नको," गुणाजी म्हणाला. तो इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला होता. "एकदा सुटली की सुटली. दर्यात कोण येता ढकलूक? वारो बघान सुकाणू लावा, शीड बांधा आणि सोडा. मगे ती आणि वारो."

गुणाजी पाण्यात उतरू शकत नाही हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि ते बोलायची कुणाची छाती नव्हती. मास्तर चांगले मनुष्य. ते हळूच म्हणाले, "गुणाजी, तुमच्यासाठी वेगळी सवलत ठेवू. तुमच्या वतीने आमच्यापैकी कुणीही पाण्यात उतरेल."

गुणाजीचा चेहरा काळवंडला. "माज्या होडयेक दुसऱ्याचो हात लागाक नको," तो म्हणाला. "माका सवलत नको. सगळ्यांका एकच नियम काय तो करा."

हात वर करून मतं घेतली. हरिश्चंद्र शेठचं म्हणणं पास झालं. गुणाजीच्या बाजूने आबांचा आखूड हात तेवढा वर होता. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: हात तीन वेळा, तोही होडी बनवणाऱ्यानेच. गुणाजीने कुबडीकडे हात नेला.

पायरीवरून गोदूबाई बोलली, "मास्तर, पयलो नियम परत वाचा बघूया."

सगळे वळले. मास्तरांनी वाचला. "ज्याने होडी बनवली, त्यानेच ती शर्यतीत सोडायची."

"शिडाबगर होडी होता?"

"नाही होत."

"मगे आमच्या होडयेचा शीड मी शिवलंय. लुगडाय माजाच. म्हंजे होडी दोगांनी केली."

"बायलमानूस शर्यतीत उतरतली?" हरिश्चंद्र शेठ म्हणाले.

"बायलमानूस डोक्यार पाटी घेवन खाडी उतरता तेवा इचारूक येतास काय?" गोदूबाई म्हणाली, आणि मग तिलाच आपल्या बोलण्याची भीती वाटली.

आबा मोठ्याने हसले. "लिवा मास्तर. दोगांनी केली तर दोगांका हात लावूक गावतलो. खरा आसा ता खरा."

मास्तरांनी लिहिलं.

घरी जाताना माडांच्या वाटेवर गुणाजी थांबला, दम खात. "मी सांगितलेलंय, दुसऱ्याचो हात लागाक नको म्हणान."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं. "माजो हात दुसऱ्याचो?"

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तसा नाय गो."

"मगे कसा?"

"थंय दर्यात तू कदी नाय होतंस. थंय काय होता ता तुका कसा सांगू?"

एवढ्या वर्षांचा संसार, पण त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या जागेत ती कधी गेलीच नव्हती. काठावर थांबायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

शर्यतीच्या रविवारी दुपारी वारा चांगला होता. खाडीच्या काठावर सगळं जामसंडं लोटलं होतं. गोदूबाईने कास घट्ट मारली आणि मांडीभर पाण्यात उतरली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि होड्या सुटल्या.

अर्ध्या वाटेपर्यंत गुणाजीची होडी पुढे होती. मग वारा फिरला, शीड उलट्या बाजूला आपटलं आणि होडी वाळूच्या पट्टीकडे निघाली. गोदूबाई पाण्यातून धावली. तिने होडी धरली, पण पुढे काय करायचं ते तिला कळेना.

तेव्हा पाठीमागून आवाज आला. "नाळ वाऱ्यार घे! वाऱ्यार! सुकाणू उजवीकडे. थोडा. पुरे! आता सोड!"

हा आवाज गोदूबाईने कधी ऐकला नव्हता. घरात गुणाजी हळू बोलत असे, भांडतानासुद्धा. हा आवाज खाडीच्या पलीकडे पोचणारा होता, त्यात घाई नव्हती, शंका नव्हती. ऐकणाऱ्याने दुसरा विचार करू नये असा. दर्यावर तो असा होता तर! तुफानात माणसं ह्या आवाजावर आपला जीव टाकत होती. ह्याच घोवाबरोबर आपण राहिलो, आणि हा माणूस आपल्याला आज भेटतोय.

तो ओरडत गेला आणि ती करत गेली. दुसऱ्यांदा हात लावला, मग तिसऱ्यांदा. शेवटी होडी पुन्हा वाळूकडे वळली तेव्हा हात संपले होते. ती शेजारी उभी राहून नुसती बघत राहिली आणि होडी हळूहळू, लंगडत, तिसरी आली. हरिश्चंद्र शेठ जिंकले, स्वतः कोरलेल्या वेड्यावाकड्या होडीने. ते धोतरासकट पाण्यात नाचले आणि सगळे त्यांच्याबरोबर हसले. गुणाजीही हसला. पण हसता हसता त्याची नजर खाडीच्या तोंडाकडे गेली, लांब, जिथे पाणी रुंद होतं, आणि तिथेच राहिली. गोदूबाईने ते बघितलं.

दुसऱ्या सकाळी ती बंदरावर गेली. लवू जाळं उलगडत होता.

"लवू, एक डाव ह्यांका घेवन जा."

लवूचा हात थांबला. "वैनी, दादा थंय येवन काय करतलो? त्येका नुसतो बसलेलो माका बघवाचो नाय."

"सुकाणू धरूक बसाचाच लागता ना?"

लवूने जाळ्यातली एक गाठ सोडवली. "तुका भय नाय वाटना?"

"वाटता," ती म्हणाली. "म्हणानच तुज्याकडे इलंय. माज्या मनाक इचारीत ऱ्हवलंय तर मी त्यांका जावक देवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या वाऱ्यावर मचवा निघाला. मचव्यावरच्या दोघांनी गुणाजीला उचलून आत बसवलं. त्याने गोदूबाईकडे वळून बघितलं नाही; त्याचा हात सुकाणूवर होता. मचवा किल्ल्याच्या टोकाआड गेला आणि तिची ती जुनी भीती, दोन वर्षं कुठे दडून बसलेली, परत छातीत येऊन बसली. त्या दिवशी ती बाजाराला गेली नाही. पण या वेळी भीतीबरोबर आणखी काहीतरी होतं. आपणही त्या टोकापलीकडे असतो तर, असं तिला वाटत होतं. आत्ता तो ओरडत असेल. कुणीतरी त्याचं ऐकत असेल.

दुपार कलल्यावर मचवा आला. गुणाजीला उतरवलं तेव्हा दुखण्याने त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि पाऊल टेकवत नव्हतं. घरी आणून त्याला चटईवर निजवलं. गोदूबाईने तेल कोमट केलं आणि त्याचा खुबा चोळायला बसली.

"रोजचा नाय जमाचा," तो म्हणाला. "लाटेर कंबर धरना नाय. लवूक सांगलंय, मचवो तुजोच. बरो चलयता तो."

ती चोळत राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने बघितलं नाहीसं केलं.

"काय दिसता थंयसून?" तिने विचारलं. हे तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

तो वर बघत राहिला. "पयलो किल्लो जाता. मगे कुणकेश्वराचो कळस दिसता, बराच वेळ दिसता. पाण्याचो रंग बदालता गो. हिरवा असता ता निळा होता, मगे काळा."

"घर दिसता?"

"घर दिसना नाय. माड दिसतत थोडे. मगे तेय जातत."

"आणि मगे?"

गुणाजीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग तो सावकाश, एकेक गोष्ट आठवत, सांगू लागला. दीपगृहाची बत्ती पाण्याआड कशी बुडते, वारा वासावरून कसा ओळखायचा, मासा वर आला की पाणी कसं उकळल्यासारखं दिसतं. गोदूबाईचे हात तेलात तसेच राहिले. बाहेर लवू मासे घेऊन येऊन उभा होता, त्याला आत यायचं सुचेना.