भंगारात गेलेल्या लिफ्टची तपासणी

माझा धाकटा भाऊ लिफ्ट तपासनीस आहे. गेल्या महिन्यात त्याने एका लिफ्टचे ब्रेक तपासून ‘उत्तम’ असा शेरा मारला. ती लिफ्ट तीन महिन्यांपूर्वीच काढून भंगारात दिली होती. तिच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या आणि लोक मुकाट जिना चढत होते.

त्यांच्या ऑफिसात याला ‘खुर्चीवरची तपासणी’ म्हणतात. मागच्या महिन्याचं कार्ड समोर घ्यायचं, आकडे जरा इकडेतिकडे करायचे आणि खाली सही ठोकायची. आकडे अगदी तेच ठेवले तर संशय येतो, हे त्याला साहेबानंच पहिल्या आठवड्यात शिकवलं. आता चौकशी लागल्यावर साहेबाला काहीच आठवत नाही.

म्हणून रविवारी सकाळी स्वारी माझ्याकडे हजर. मी कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवते, त्यातही पांढरपेशांचे गुन्हे हा माझा विषय. एरवी त्याला ‘रिकामे उद्योग’ म्हणणारा हा माणूस आज माझ्या नोट्स पाठ करून आला होता.

“ताई, गुन्हा संगतीत शिकला जातो, असं तूच शिकवतेस ना? मग तेवढं लिहून दे. चौकशी समितीला तुझं पत्र चालणार आहे.”

“शिकवते. पुढे?”

“शिवाय तुझी ती गुन्ह्याची तीन कारणं, दबाव, संधी आणि मनाची समजूत. दिवसाला वीस लिफ्ट आणि मी एकटा, हा दबाव. कोणी बघत नाही, ही संधी.”

“आणि समजूत?”

“समजूत कसली? कोणाचं काय वाकडं झालं? एक तरी माणूस पडला का?”

माझं डोकंच फिरलं. ‘कोणाचं काही बिघडलं नाही’, ‘सगळेच करतात’, ‘वरून सांगितलं होतं’, ही वाक्यं बावीस वर्षं मी फळ्यावर लिहितेय. माणूस ती आधी मनात तयार ठेवतो आणि मग गुन्ह्याला हात घालतो, असं सांगते. मुलं उतरवून घेतात, पास होतात. आणि माझा सख्खा भाऊ तीच वाक्यं मला पाठांतरासारखी म्हणून दाखवत होता. मला त्याची चीड आली आणि माझ्या विषयाचीही. सिद्धांतातून कारण कळतं, माफी मिळत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. त्याने तीनदा मान डोलावली आणि पेन पुढे केलं.

ही नोकरी गेली तर त्याला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही, हे मलाही दिसत होतं. शेवटी धुसफुसत लिहायला बसले. अर्धं पान झालं.

तेवढ्यात माझ्याकडेच राहणारी आई पिशवी घेऊन दार उघडू लागली.

“आई, लिफ्टने नको!” धाकटा ओरडला.

“सहा मजले जिन्याने? या गुडघ्यांनी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

तो धावत जाऊन दारात आडवा उभा राहिला. “काय हवं ते मी आणून देतो. तू बस.”

मी पेन खाली ठेवलं. “आमची लिफ्ट शेवटची कधी बघितलीस?”

“चौदा महिने झाले असतील.”

“आणि आम्हाला बोलला नाहीस?”

“बोललो असतो तर तू तक्रार केली असतीस.”

मी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. “न बघता सही केलेल्या सगळ्या लिफ्टचे पत्ते लिही. मग तुझ्या पत्राचं बघू.”

“अगं, दोनशेच्या वर आहेत. ते दिले तर मी संपलोच.”

“लिही म्हटलं ना.”

तो बराच वेळ कागदावर वाकून बसला. शेवटी कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर दोनच ओळी होत्या. एक आमचा पत्ता, दुसरा त्याच्या सासुरवाडीचा.

“बाकीचे?”

“बाकीच्यांत आपलं कोणी राहत नाही गं,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

मी लिहिलेलं अर्धं पान फाडलं. त्या दोन ओळींखाली लिहिलं, ‘उरलेले दोनशे पत्ते यांच्याकडून आजच्या आज घ्यावेत,’ आणि समितीसाठी खाली माझी सही केली.