गावात जाऊन येते

सुनेत्राचं काही चांगलं झालं की सिंधूच्या पोटात दुखायचं, आणि सुनेत्राचं सदा चांगलंच व्हायचं. दोघी मावसबहिणी, एका वयाच्या, पुण्यात एकाच शाळेत शिकलेल्या. रिबीन नवी ती सुनेत्राची, गणितात मार्क जास्त ते सुनेत्राला, आणि लग्नसुद्धा असं जमलं की तिचा नवरा विजयकुमार मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या कारखान्यात. सिंधूचा चारुदत्तही त्याच कंपनीत, पण नागोयाच्या मुख्य कचेरीत. नशिबानं पंक्तिप्रपंच करायचा म्हणजे तरी किती?

डेट्रॉइटहून फोटो यायचे. दुमजली घर, पुढे हिरवळ, मागे हिरवळ, दारात दोन गाड्या, त्यातली एक खास सुनेत्राची. सिंधूचं घर म्हणजे कंपनीच्या इमारतीतल्या दोन खोल्या. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी कपाटात कोंबायच्या. तिच्या मालकीचं वाहन म्हणजे पुढे टोपली असलेली सायकल. फोटो बघून झाले की ती ते पाकिटात घालायची आणि घटकाभराने पुन्हा काढून बघायची.

पण खरी मिरची झोंबली ती फोनवरच्या एका वाक्याने. सिंधूने सहज विचारलं होतं, गावात जातेस की नाही? पुण्यात लांब राहणारा माणूस पेठांकडे निघाला की ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. गाव म्हणजे कापडदुकानं, देऊळ, भाजीची गर्दी, ओळखीची चार माणसं.

“छे गं,” सुनेत्रा म्हणाली, “आम्ही गावात जातच नाही. इथं कुणीच जात नाही.”

सिंधूने त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. बाईसाहेबांना आता बाजारहाट करावा लागत नाही, सगळं दाराशी येत असणार. ती स्वतः दर शनिवारी भुयारी रेल्वेने साकाएला, म्हणजे नागोयाच्या भर गावात जायची. त्या दिवसापासून तिला त्याचीही लाज वाटू लागली.

चौऱ्याण्णवच्या वसंतात कंपनीने चारुदत्तला विचारलं, अमेरिकेतल्या कारखान्यात पाच वर्षं जाल का? त्याच्या मनात नव्हतं. मुलगी सलोनी इथल्या शाळेत रुळली होती आणि त्याला चालत कचेरीला जायला आवडायचं. सिंधू भांडली नाही. तिने अबोला धरला, आमटीत मीठ घालायचं विसरू लागली, आणि त्या दुमजली घराचा फोटो टीव्हीवर नेऊन ठेवला. शेवटी एका शुक्रवारी तो होकार देऊन आला. त्या संध्याकाळी सिंधूने श्रीखंड केलं.

पुढच्याच आठवड्यात विजयकुमारचं मुख्य कचेरीत काही काम निघालं, आणि त्याच्याबरोबर सुनेत्राही आली. सिंधूने तिला फोनवर काही सांगितलं नव्हतं. ही बातमी समोर बसवून सांगायची होती, तिचा चेहरा बघत. त्या चेहऱ्यासाठी ती आठवडाभर जगत होती.

सुनेत्रा वाळली होती. दोन खोल्या बघून ती म्हणाली, किती आटोपशीर आहे गं. सिंधूला तो टोमणा वाटला. तेवढ्यात दार उघडलं. पिवळी टोपी घातलेली सलोनी “तादाइमा”, म्हणजे ‘आले गं’, म्हणत आत आली, दप्तर टाकलं आणि तशीच खेळायला पळाली. तिला आणायला कोण गेलं होतं, असं सुनेत्राने विचारलं. सिंधू म्हणाली, कोण जाणार, सगळी पोरं मिळून चालत येतात. सुनेत्रा बराच वेळ दाराकडे बघत राहिली. तिच्या मुलाला, नचिकेतला, मित्राकडेसुद्धा गाडीतून न्यावं लागायचं, कारण तिथे रस्त्याकडेला चालायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिंधू तिला साकाएला घेऊन गेली. म्हटलं, इथंही मोठी दुकानं आहेत हे कळू दे. सुनेत्राने काही घेतलं नाही. ती नुसती चालत राहिली, कागदी पिशव्या सांभाळत निघालेल्या म्हाताऱ्यांच्या, गणवेशातल्या पोरींच्या, घाईतल्या बाबूंच्या गर्दीतून. मग एका बाकावर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

“आमच्याकडे गाव मेलंय, सिंधू.”

आणि मग ती बोलत सुटली. एकेकाळी तिथे कारखान्यांना उसंत नव्हती, पोटामागे येणाऱ्या माणसांनी शहर फुगलं होतं. पुढे मोठाले रस्ते झाले, आणि ज्यांना परवडलं ते गोरे लोक गाड्या घेऊन बाहेर नव्या घरांत गेले. दुकानं त्यांच्या मागोमाग गेली. काळ्या लोकांना तिकडे कुणी घर देईना, म्हणून ते मागे राहिले. पुढे जपानी गाड्या खपायला लागल्या, आणि त्यांच्या हातचं कामही गेलं. भर चौकातलं सर्वांत मोठं दुकान बंद होतं, रस्तेच्या रस्ते ओस होते. सुनेत्राच्या शेजारच्या आजी त्याच गावात जन्मलेल्या, लहानपणी आईचा हात धरून ट्रॅमने खरेदीला जायच्या. आता कित्येक वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या.

“आम्ही तर थेट बाहेरच उतरलो,” ती म्हणाली. “आल्या आल्या सांगितलं, तिकडे जाऊ नका. आम्हीही शहाण्यासारखे गेलो नाही. घर आहे गं मोठं. ओसाड गावची पाटीलकी आहे.”

खरं सांगायचं तर सिंधूला आधी गुदगुल्या झाल्या. जन्मात पहिल्यांदा सुनेत्रा तिचा हेवा करत होती. ते सुख तिने दोन घटका चाखलं असेल नसेल.

“म्हणून मीच विजयच्या मागे लागले,” सुनेत्रा डोळे पुसत म्हणाली. “म्हटलं, अदलाबदलीत नागोया माग. इथून कुणी तिकडे जायलाच तयार नव्हतं. गेल्या शुक्रवारी एकजण तयार झाला म्हणे, आणि आमचं जमलं. कोण गं तो देवमाणूस?”

“चारू,” सिंधू म्हणाली.

तो चेहरा तिला अखेर बघायला मिळाला. त्यावर आधी दया आली, आणि मागोमाग लपवूनही न लपलेला आनंद.

घरी आल्यावर सिंधूने चारुदत्तला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच विचारलं, आता नाही म्हणता येईल का? तो म्हणाला, सह्या झाल्या. शिवाय ती घरं कंपनीचीच, त्यामुळे सुनेत्राचंच घर आपल्याला मिळणार होतं. “तेच हवं होतं ना तुला?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात कुचकेपणा असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

सकाळी सुनेत्रा छत्री घेऊन दारात उभी राहिली. स्टेशनपर्यंत जायला तिने सायकलची किल्ली मागून घेतली होती.

“गावात जाऊन येते गं,” ती म्हणाली. “तुला काही आणू?”

सिंधू नको म्हणाली आणि गॅलरीत येऊन उभी राहिली. सुनेत्रा पहिल्या वळणावर जरा डगमगली, मग सावरली, आणि कुणालाही न भिता रस्त्याच्या कडेने निघून गेली. आजवर सिंधूने तिच्या रिबिनीवर, मार्कांवर, हिरवळीवर डोळा ठेवला होता. स्वतःच्याच सायकलवरून जळायची पाळी मात्र आज पहिल्यांदा आली.