आधी 'नाइस' लिहा

सोमवारी सकाळी पडद्यावरची यादी पाहून हॅल्व्हर एंगस्टॅडला किळस आली. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या त्या विद्यापीठात संगणक एकच, आणि तो सांभाळणारा हाच. प्रत्येक प्रोग्रामला क्षणभराची पाळी, मग पुढच्याला, असा यंत्राचा सरळ न्याय. पण प्रोफेसर क्विनलननी आपल्या एका प्रोग्रामचे चाळीस तुकडे केले होते आणि चाळीस पाळ्या ओरपत होते. पंगतीत एकट्यानेच चाळीस पानं मांडून बसावं, तसं.

तळाशी डोलोरेस व्हॅक्टेलचा प्रोग्राम होता, सरोवरावरच्या बर्फाचं गणित. गुरुवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि या उत्तराशिवाय प्रबंध लंगडा. नऊ दिवसांत तिला मिळाली होती अकरा मिनिटं.

"माझं काही चुकलं का हो?" डोलोरेस दारातूनच म्हणाली. "पाटीवर लिहिलंय तसंच केलं मी."

पाटी हॅल्व्हरचीच होती. मोठं काम असेल तर आधी 'नाइस' लिहा, म्हणजे यंत्र तुम्हाला सभ्य समजून इतरांचं काम पुढे घेईल. त्याने यादी दोनदा पाहिली. तो शब्द लिहिणारी अख्ख्या विद्यापीठात ही एकटीच.

तो तडक क्विनलनकडे गेला. ते सँडविच खात होते.

"अरे, मी नियम कुठे मोडला?" त्यांच्या ओठाला मेयोनीज लागलं होतं. "पाळी प्रोग्रामला असते, माणसाला नाही. तूच शिकवलंस की."

हॅल्व्हरने त्याच दिवशी यंत्राचा नियम बदलला: पाळी माणसागणिक. मंगळवारी सकाळी टेबलावर नव्या खात्यांचे एकोणचाळीस अर्ज, सगळ्यांवर डीनची सही, म्हणजे नाकारायची सोय नाही. विद्यार्थी, बायको, सासू, आणि कुणी एक 'बस्टर क्विनलन'. बस्टर हा त्यांचा कुत्रा.

यंत्र सांभाळणाऱ्यालाच 'नाइस'पुढे उणे आकडा लिहिता येतो; मग यंत्र तो प्रोग्राम सगळ्यांच्या आधी घेतं. बारा वर्षांत त्याने तो कुणासाठी लिहिला नव्हता. त्याने डोलोरेसच्या प्रोग्रामला उणे वीस दिले. विद्यापीठातलं बाकी सगळं जागच्या जागी थिजलं.

लगेच फोन वाजला. "काय रे, यंत्र बंद पडलं?"

"चालू आहे, प्रोफेसर. येईल बस्टरची पाळी."

बुधवारी दुपारी उत्तर आलं. डोलोरेसने कागद छातीशी धरले. "आणि बाकीच्यांची कामं? ती अडली असतील ना?"

हॅल्व्हरला आता स्वतःचीही किळस येत होती. ती गेल्यावर त्याने पाटी भिंतीवरून उतरवली आणि केराच्या टोपलीत टाकली. आणखी कुणाला फसवायचं नव्हतं त्याला.