खिडकीसमोरचे दगड

क्रेनला टांगलेला दगड ताईच्या खिडकीसमोर येऊन लोंबकळला, आणि मुकादमानं हाताच्या खुणेनं तो पलीकडे न्यायला लावला. सकाळपासून असंच चाललं होतं. दोन्ही बाजूंनी बांध चढत होता. तिच्या बोटीसमोरचा तेवढा तुकडा मात्र बसकाच राहिला होता.

ताई शिडं शिवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन बोटीतच राहायची. तिथली सगळी वस्तीच बोटींवरची. समुद्र अडवणारा जुना बांध खचला होता. गेल्या वर्षी तो उंच करायचं जवळजवळ ठरलं, तेव्हा बैठकीत ताईच उठून म्हणाली होती, की आईला त्या खिडकीतल्या समुद्राशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, एवढ्यात नको. लोकांनी तिचा शब्द राखला.

मग वादळ आलं. खचलेल्या जागेवरून लाटा आत घुसल्या आणि शेजारच्या मास्तरांची बोट धक्क्यावर आपटून फुटली. मास्तर वाचले, राहतं घर गेलं. तेव्हापासून ते गावात मुलाकडे होते. ताईला कोणी चकार शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मास्तर धक्क्यावर दिसले, की ती शिलाई मशीनवर मान घालून धड कापडावरच टाके मारत बसायची.

आज न राहवून तिनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, की आजींना समुद्र दिसावा म्हणून तेवढा भाग खालीच ठेवायचाय. मास्तरांनीच सगळ्यांना राजी केलंय.

मास्तर जवळच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. वादळानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हे कशाला केलंत, मास्तर?"

"मुलाकडे माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते," मास्तर म्हणाले. "दिवसभर भिंत बघत बसणं काय असतं, ते आता कळलंय मला."

"तुमची बोट माझ्यामुळे गेली."

मास्तर म्हणाले, "हात आम्ही सगळ्यांनीच वर केले होते. पण खोटं कशाला बोलू? कधी कधी वाटतं तसं."

ताईनं मान हलवली. ती मुकादमाकडे गेली आणि तो तुकडाही भरायला सांगितलं. दगड एकदा बसले की परत निघायचे नाहीत, असं त्यानं बजावलं.

"भरा," ती म्हणाली.

बैठकीचं तिनं आईला कधी कळू दिलं नव्हतं. आता उशाशी बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यापायी गेली का गं त्यांची बोट?"

"तुझ्यापायी नाही. माझ्यापायी."

आईनं पडदा पुरता बाजूला सरकवायला सांगितला आणि शेवटचा दगड बसेपर्यंत ती बघत राहिली.

संध्याकाळी बाहेर वारा सुटला होता, पण बोट हलली नाही. ताईनं चहा केला. रोज हिंदकळेल म्हणून ती अर्धाच कप द्यायची. आज तिनं काठोकाठ भरला. आईनं तो दोन्ही हातांनी धरला आणि समोरच्या दगडांकडे बघत, एक थेंबही न सांडता, सावकाश संपवला.