पाळणाघरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची

दिवेआगरात बाया ब्लॉग लिहितात हे ऐकून अर्धं गाव हसलं होतं. हसेना का! हेमांगीनं संमेलन ठरवलं म्हणजे ठरवलं. किनाऱ्यावरच्या चाळीस लिहित्या बाया, एक रविवार, तिच्याच होमस्टेचा हॉल आणि मागच्या पडवीत पाळणाघर. त्या पाळणाघरावर तिचा फार जीव. पाच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तिचा तान्हा पियूष रडला, तेव्हा तिला गोड बोलून बाहेर काढलं होतं. पहिल्या रांगेतली ती रिकामी झालेली खुर्ची अजून तिच्या मनातून जात नव्हती.

मुलं सांभाळायला नीराबाई होत्या, जन्म अंगणवाडीत घालवलेल्या. "शंभर आण, मी हाय," म्हणाल्या.

मग मुरुडच्या जवेरियाचा पाळणाघरासाठीचा अर्ज आला आणि हेमांगीनं कपाळाला हात लावला. मुलाचं नाव: रहिमुन्निसा. वय: अठ्ठ्याहत्तर.

"काय गं, घाईत भरलास का अर्ज?" तिनं फोनच लावला.

"नाही ताई. माझ्या सासूबाई त्या. त्यांना आता काही आठवत नाही, दार उघडं दिसलं की चालू लागतात. नवरा कुवेतला. अर्जात म्हाताऱ्या माणसाचा रकाना नव्हता, म्हणून तिथंच लिहिलं." जवेरियानंच पुढे म्हटलं, "नसेल जमत तर राहू दे. सवय आहे मला."

ते 'सवय आहे' हेमांगीला झोंबलं. सासू विसरत चालली तसा तिच्या हातचा एकेक पदार्थ जवेरिया ब्लॉगवर टिपून ठेवत होती. चार वर्षं लिहीत होती पोरगी, पण चारचौघांत एकदाही वाचलं नव्हतं. येणार ती सासूसकट, नाहीतर नाहीच. पण समुद्र शंभर पावलांवर! म्हातारी चालत सुटली तर?

नीराबाई मात्र सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "चालती पोरंच सांभाळली मी. वाडीच्या फाटकाला कडी घाल आणि तिला न्हाय म्हणू नकोस."

रविवारी रहिमुन्निसा पडवीत पोरांच्या घोळक्यात बसून निवांत लसूण सोलत होत्या. हॉलमध्ये जवेरिया वाचायला उठली. सांदणांवरचा लेख होता. "तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध घालायचं," इथवर आली आणि दारात सासू उभी! मागे हात धरून नीराबाई.

"ह्यांना ऐकायचंय म्हणत्यात. मी अडवलं न्हाय."

जवेरिया कागदाची घडी घालू लागली. हेमांगी पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवरून उठली आणि तिनं म्हातारीला तिथं बसवलं.

"वाच गं," ती म्हणाली. "इथून कोणी बाहेर जायचं नाही."

जवेरियानं घडी उलगडली.

"दूध कोमट हवं," म्हातारी मध्येच म्हणाली.

"हो, पुढच्याच ओळीत आहे," जवेरिया म्हणाली आणि थेट शेवटपर्यंत वाचत गेली.

टाळ्या झाल्या. रहिमुन्निसानं शेजारी उभ्या हेमांगीचा पदर ओढला. "कोणाची सून गं ही? सासूनं चांगलं शिकवलंय हिला. सांग हां तिच्या सासूला."

हेमांगीला रडूच फुटलं. जवेरिया मात्र येऊन म्हातारीच्या पायाशी बसली आणि तिची घसरलेली ओढणी तिनं सारखी केली.

"सांगते, अम्मी," ती म्हणाली. "रोज सांगते."