अर्ध्या पानाची जागा

मुनीरने आयुष्यात एकच बातमी स्वतःच्या मर्जीने छापली, आणि तिच्यापायी तुरुंगात गेला तो दुसराच माणूस. एरवी काय छापावं आणि काय छापू नये याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मस्कतच्या एका इंग्रजी दैनिकात तो पानं लावायचा. बातमी खरी की खोटी, हे बघणारे वेगळे होते. ती दिलेल्या जागेत बसली, मथळा तुटला नाही, की मुनीरचं काम खलास. अशी नाकासमोर चालणारी माणसं परदेशात टिकतात, आणि मुनीर चांगला टिकला होता. मत्रहला सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागे दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको निदा, मुलगी हिबा दहावीत. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा होती. तिघांचेही व्हिसा दैनिकाच्या मालकाच्या, म्हणजे अर्बाबच्या, सहीवर अवलंबून होते.

त्या डिसेंबरात केपटाऊनहून गुलबानू फुफी आली. मुनीरच्या आजोबांचे धाकटे भाऊ मुरूडकडच्या गावातून बोटीने केपटाऊनला गेले आणि तिथेच दुकान टाकून राहिले, त्यांची ही मुलगी, म्हणजे नात्याने मुनीरची आत्या. कोकणी मुसलमानांची तिकडे मोठी वस्ती आहे. फुफी गावी निघाली होती, वाटेत महिनाभर मस्कतला उतरली. घराण्यात तिचं नाव मोठं. गोऱ्यांच्या राज्यात ती एका छोट्या साप्ताहिकाची बातमीदार होती. पोलिसांनी तिला दोनदा खटल्याशिवाय आत टाकलं, आणि पुढे कैक वर्षं एक अक्षर लिहायची बंदी घातली. मुनीर लग्नाकार्यात तिच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा, जणू लाठ्या यानेच खाल्ल्या होत्या.

पहिल्याच जेवणाला फुफीने त्याला विचारलं, की तू त्या पेपरात काय छापतोस. मुनीर म्हणाला, सांगतील ते. फुफी ताटातल्या माशाचा काटा काढत राहिली. ते न बोलणंच त्याला झोंबलं. निदाला तो नंतर म्हणाला, की म्हातारीला काय माहीत इथलं. पण झोंबलं ते झोंबलंच.

फुफी येऊन चार दिवस होतात न होतात तोच नेल्सन मंडेला वारले, आणि दैनिकात एकदम उत्साह संचारला. विशेष पुरवणी काढायचं ठरलं. मोटारी विकणाऱ्यांपासून सोनारापर्यंत सगळ्यांनी श्रद्धांजलीच्या जाहिराती दिल्या. वृत्तसंपादक दयानंद वेंगुर्ल्याचा. मुनीरला या पेपरात चिकटवलं तेही त्यानेच, 'कोकणातला, आपला गाववाला' म्हणून. मुनीरची फुफी कोण हे कळल्यावर त्याने स्वतः घरी येऊन तिची मुलाखत घेतली. फुफीने सांगितलं, की सरकार बातमी काढायला लावायचं तेव्हा आम्ही तिच्या जागी दुसरं काही भरायचो नाही, जागा कोरी सोडायचो, आणि लोक ती कोरी जागा बरोबर वाचायचे. दयानंदने यातला एक शब्द कापला नाही. कशाला कापेल? दुसऱ्याच्या देशातलं, तेही जुनं झालेलं स्वातंत्र्य छापायला कुणाची ना नसते.

पुरवणीची पानं दुपारीच छपाईला जायची. दयानंद जेवायला बाहेर पडला आणि एका कंपनीने अर्ध्या पानाची जाहिरात मागे घेतली. नेमकी फुफीच्या मुलाखतीखालची. अशा वेळी पान लावणाऱ्याने भरताड टाकायचं, हा धंद्याचा रिवाज. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक फोल्डर असतो. खजुराचे फायदे, गुडघेदुखीवरचे व्यायाम, असला कधीही खपणारा मजकूर त्यात साठवलेला असतो. त्याच्या शेजारी दुसरा फोल्डर असतो अडवलेल्या बातम्यांचा. त्यात हसनची बातमी रमजानपासून पडून होती.

हसन हा दैनिकाचा बातमीदार, मस्कतजवळच्या बरक्याचा ओमानी तरुण. घर मासेमारांचं, शिक्षण इंग्रजी, आणि मुनीरशी बोलायचा ती बाजारात शिकलेली हिंदी. दोघांचा रोजचा चहा एकत्र व्हायचा. बातमी त्याच्याच किनाऱ्याची होती. एका कारखान्याचं सांडपाणी समुद्रात सुटत होतं, मासे मरून वाळूवर येत होते, वस्तीतली पोरं आजारी पडत होती, आणि तपासणीचा अहवाल कुणीतरी दाबून ठेवला होता. कारखाना कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

जागा कोरी सोडायची छाती मुनीरला नव्हती. कोरी जागा म्हणजे पान लावणाऱ्याची नामुष्की. त्याने हसनची बातमी उचलली आणि खाली टाकली, हसनच्या नावासकट. ती इतकी चपखल बसली की एक ओळ कापावी लागली नाही. आपण नुसती रिकामी जागा भरली, असं तो स्वतःला सांगत होता. पण त्याने दोनदा वळून दाराकडे पाहिलं, आणि गुडघेदुखीचे व्यायाम टाकताना कुणी वळून दाराकडे पाहत नाही. दयानंद घाईने परतला, पानाचा वरचा अर्धा भाग वाचला, स्वतःच्या नावाची मुलाखत डोळे भरून पाहिली आणि पान छपाईला सोडलं.

सकाळी फुफीने चष्मा लावून पान वाचलं. वरचं नाही, खालचं.

“हे कोनी घातलं?”

“मी,” मुनीर म्हणाला.

फुफीने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाप गेल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता, आणि मुनीरच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसला तो अक्षरशः हवेत तरंगत गेला.

तो पोचला तेव्हा हसनला घेऊन गेले होते. दयानंदच्या केबिनमध्ये अर्बाबचा पुतण्या अमीन बसला होता, आणि पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे ओमानी पायघोळ अंगरख्यातले, दोन अनोळखी गृहस्थ. आवाज कुणी चढवला नाही. गृहस्थांनी इंग्रजीत एवढंच विचारलं, की अडवलेली बातमी पानात घ्यायला कुणी सांगितलं. मुनीरने दयानंदकडे पाहिलं. तेव्हा दयानंद मराठीत बोलला, अगदी शांतपणे, चहा घेणार का असं विचारावं तसा.

“मुनीर, हसननंच सांगितलं ना तुला? काही बोलू नकोस, नुसती मान हलव. पोरीची बोर्डाची एक्झाम आहे.”

मुनीरने मान हलवली. गृहस्थांनी ते लिहून घेतलं. दयानंदने गाववाल्याला वाचवलं, आणि त्याच्या आडून स्वतःलाही, कारण पान सोडलं होतं त्याने. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे असतातच. इथे खांदा द्यायला हसन खोलीत हजरही नव्हता.

घरी मुनीरने हसनला नेल्याचं सांगितलं, मान हलवल्याचं नाही. फुफीने लगेच निदाला तांदूळ भिजत घालायला लावले. केपटाऊनला कुणाला उचललं की वस्तीने त्याच्या घरी जेवण घेऊन जायचं, ही त्यांची रीत होती. घर एकटं पडलं की आतला माणूस मोडतो, असं ती म्हणाली. मुनीरने कामाची सबब सांगून पाहिली. शुक्रवारी सुट्टी असते हे फुफीला माहीत होतं.

शुक्रवारी सांदणं आणि कोंबडीचं सुकं घेऊन दोघं बरक्याला गेले. फुफीला बायकांनी आत नेलं. बाहेरच्या बैठकीत हसनचा थोरला भाऊ महमूद मुनीरसमोर बसला. त्याने कहवा ओतला आणि सावकाश सांगायला लागला.

“वकील मिला था। हसन ने मान लिया, बोला मैंने ही मुनीर भाई को बोला था। हमको सच मालूम है। वो बोलता है, मुनीर भाई परदेसी है, उसको दो दिन में भेज देंगे, बच्ची का स्कूल खलास। मैं तो इधर का है, मेरे को किधर भेजेंगे?”

मुनीरने कप खाली ठेवला. महमूदने खजुराची थाळी त्याच्यापुढे सरकवली.

“आप आया, अच्छा किया। पेपर से और कोई नहीं आया।”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुनीरला वाटलं. त्याने खजूर घेतला. मग बी मुठीत धरून बसला, टाकावी तरी कुठे.

परतताना गाडीत त्याने फुफीला सगळं सांगितलं. केबिन, दयानंद, मान. सांगताना तो रडला आणि सांगून झाल्यावर भांडायलाही लागला. तुमचं वेगळं होतं, तुमचा स्वतःचा मुलूख होता, आमचा इथे सहीवर जीव, असं म्हणाला.

“हसनचा बी मुलूख हाय ना,” फुफी म्हणाली. गाडीतून उतरताना म्हणाली, “माझ्याजवळ रडून काय होनार? ज्यांना सांगायचं त्यांना सांग.”

मुनीरने ठरवलं. खरंच ठरवलं, त्याच्यावर एवढा तरी विश्वास ठेवायला हवा. रविवारी तो दयानंदच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, मला जबाब बदलायचाय. दयानंदने उठून दार लावलं. तो चिडला नाही, उलट पाण्याचा ग्लास पुढे केला. हसनच्या कबुलीवर सही झाली आहे, तो म्हणाला. आता तू बोललास तर हसन खोटारडा ठरेल, त्याच्यावर आणखी एक कलम लागेल, मी जाईन, तू आत जाशील, निदा-हिबा विमानात. आणि हसन सुटणार नाहीच. हे खरं होतं की नुसतं सोयीचं, ते मुनीरने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं.

मग दयानंदने एक कागद त्याच्या हातात दिला. अर्बाबकडून माफीनामा आला होता, उद्याच्या पहिल्या पानासाठी, चौकटीत. आमच्या बातमीदाराने कुणालाही न विचारता, एकट्याच्या जबाबदारीवर, खोडसाळ मजकूर पानात घुसवला, त्याला कामावरून काढलं आहे, झाल्याबद्दल संबंधितांची क्षमा. खाली हसनचं पूर्ण नाव, वडिलांच्या आणि कबिल्याच्या नावासकट.

“तूच लाव,” दयानंद म्हणाला. “दुसऱ्या कुणाला देणं बरं नाही.”

मुनीर जागेवर जाऊन बसला. चौकट आखली. मजकूर दोन ओळी लांब होत होता, त्याने अक्षर थोडं बारीक केलं. हसनचं नाव ओळीच्या शेवटी तुटत होतं, ते त्याने सांभाळून एका ओळीत आणलं.

सकाळी फुफीने पान वाचलं. या वेळी तिला विचारावं लागलं नाही.

“आमच्याकडं असली माफी लावायला एक मानूस तयार व्हायचा नाय,” ती म्हणाली. “मालकाला सोताच्या हातानं लावाय लागायची. वाकडी लागायची. त्या वाकड्या ओळी बघून लोकांना कळायचं.” तिने बोट चौकटीच्या कडेवरून फिरवलं. “ही चांगली सरळ हाय.”

निदा ओट्याशी पाठ करून उभी होती. हिबा शाळेच्या बसला उशीर होत असताना पेपरावर वाकली आणि भरभर वाचून गेली. इंग्रजी तिला मराठीपेक्षा सोपं जायचं. हसन तिला दर ईदला हलव्याचा डबा आणून द्यायचा.

“अब्बा,” ती अडखळत म्हणाली, “हसन अंकलनी हे सगळं अलोन केलं? रिअली?”

फुफीने चष्मा काढला आणि मुनीरकडे पाहिलं. निदाने नळ बंद केला. मुनीरने पोरीच्या खांद्यावरचा दप्तराचा पट्टा नीट केला.

“पेपरात आलंय ना,” तो म्हणाला.