लाल दोऱ्याच्या काड्या

सू-चिनने वाफवलेला मासा टेबलाच्या मधोमध ठेवला, वाढायच्या काड्यांनी स्वतःचा वाटा आधी वेगळा काढला आणि मगच जेवायच्या काड्या हातात घेतल्या. त्यांना लाल दोरा बांधलेला होता. गेली तीस वर्षं त्या वेगळ्या धुतल्या जात, वेगळ्या उकळल्या जात, वेगळ्या ठेवल्या जात. तैनानमधल्या त्या घरात देवांनाही इतका स्वतंत्र कोनाडा नव्हता.

सू-चिनच्या यकृतात हेपटायटिस-बी काविळीचा विषाणू मुक्कामाला होता. भाडेकरू तसा शांत. पण तो लेकीकडे राहायला जाऊ नये, म्हणून तिने एकदाही आपल्या काड्यांनी यी-रूच्या वाटीत घास वाढला नव्हता. शेजारच्या आया लेकरांच्या वाट्या भरत. यी-रू लहानपणी समजे, आपली आई चिक्कू आहे.

"तपासणीला गेली होतीस ना? पोटातलं बरं आहे?" सू-चिनने विचारलं.

"बरं आहे. लाथा मारतंय."

"आणि तुझं रक्त? माझं तुला लागलं नाही ना, आ-रू?"

यी-रू माशातला काटा काढत बसली. काटा नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी सकाळी सगळं सांगितलं होतं. हा विषाणू जेवणातून जात नाही, जन्मताना आईकडून बाळाकडे जातो. तुम्हाला तसाच आला. आता काळजी नाही. इतर बाळांना जन्मल्यावर एक सुई देतात, तुमच्याला दोन देऊ.

बाळांना द्यायच्या या सुया आल्या तेव्हा यी-रू दोन वर्षांची होती.

तिने आपली वाटी पुढे सरकवली.

"खाण्यापिण्यातून लागत नाही म्हणे. वाढ. तुझ्याच काड्यांनी."

"मग कशातून लागतो?"

"ते विचारायचं राहिलं."

"एवढी शिकलीस, आणि नेमकं तेवढंच राहिलं."

सू-चिनने माशाच्या पोटाचा मऊ तुकडा उचलला. लाल दोरा पहिल्यांदाच यी-रूच्या वाटीवर आला. मग तुकडा भातावर उतरला. यी-रूने तो सावकाश खाल्ला.

"मीठ कमी आहे."

"तीस वर्षं कमीच आहे. आज बोललीस."

सू-चिन भाताचं पातेलं आणायला उठली. ओट्याशी जाऊन बराच वेळ झाकण पुसत राहिली.

"आ-रू," ती पाठमोरीच म्हणाली, "दोन्ही सुया द्यायला सांग हं. नाहीतर एकीवरच भागवतील."